शेकरूची नोंद : जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतून डार्विनच्या ग्रंथापर्यंत

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत कोरलेल्या लेण्यांमध्ये एक छोटासा ब्राह्मी शिलालेख आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे एक लेणे आणि पाण्याचे एक टाके दान दिले, एवढीच त्यातील हकिगत. नाणेघाट चढून आलेला माल ज्या पेठेत उतरत असे, त्या पेठेतील व्यापाऱ्यांनी आपल्या दानाची नोंद दगडात करून ठेवली. याच परिसरातील मानमोडी डोंगरावर अंबा-अंबिका नावाने ओळखल्या जाणाऱ्या लेण्यांत पुढच्या काळातील जैन मूर्तीही आढळतात. व्यापार, धर्म आणि नोंद ही तिन्ही सूत्रे जुन्नरच्या कातळात अशी एकत्र गुंफलेली आहेत.

1837 साली लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात जुन्नरजवळच्या लेण्यांतील काही शिलालेखांच्या नकला प्रसिद्ध झाल्या. त्या पाठवणारा गृहस्थ पुराणवस्तूंचा पंडित नव्हता. तो ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतील अधिकारी होता आणि त्याचे नाव होते विल्यम हेन्री साईक्स. ज्या हाताने त्याने लेण्यांतील अक्षरे उतरवून घेतली, त्याच हाताने त्याने भीमाशंकरच्या रानातील शेकरूसारख्या जीवांनाही शास्त्राच्या वहीत प्रथम जागा दिली. पुढे चार्ल्स डार्विनने नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडला आणि सजीव सृष्टीकडे पाहण्याची माणसाची दृष्टी बदलली. त्या सिद्धांतामागे जगभरातून गोळा झालेल्या हजारो नोंदींचा ढीग होता, आणि त्या ढिगात दख्खनची काही पानेही होती. ही हकिगत त्या पानांची आहे.

आकडे मोजणारा लष्करी अधिकारी

साईक्सचा जन्म 1790 सालचा. पोरवयातच तो कंपनीच्या नोकरीत शिरला. 1817 साली खडकीच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने लढला, आणि पेशवाई बुडाल्यानंतर याच मुलखाची मोजदाद करण्याचे काम त्याच्याकडे आले. मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने 1824 साली त्याला दख्खनचा सांख्यिकी अधिकारी नेमले. गावोगाव फिरून लोकसंख्या, पिके, बाजारभाव, मजुरी, जमिनीचे हक्क आणि शेतसारा यांची माहिती जमवायची, असे त्या कामाचे स्वरूप होते. काही वर्षांनी सरकारने खर्चाच्या कारणास्तव ते पद मोडले, तरी साईक्सने अंगीकृत काम सोडले नाही. 1831 च्या आरंभी स्वदेशी परत जाईपर्यंत तो ते करीतच राहिला.

सरकारला हवे होते महसुलाचे आकडे. साईक्सची जिज्ञासा मात्र त्यापुढे जाणारी होती. तो वायुभारमापक घेऊन घाटमाथ्यावर चढे आणि दिवसाच्या ठरावीक वेळी हवेचा दाब कसा चढतो-उतरतो ते टिपून ठेवी. जुन्नरच्या उत्तरेस उभ्या असलेल्या हरिश्चंद्रगडाच्या कड्यावरून कोकणातून वर येणाऱ्या धुक्यात पूर्ण वर्तुळाकार इंद्रधनुष्य आणि त्याच्या मध्यभागी स्वतःची सावली दिसल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. आजही पावसाळ्यात कोकणकड्यावर जाणारे हौशी लोक त्याच दृश्याची वाट पाहत उभे असतात.

याच फिरतीत त्याने दख्खनमधील प्राणी, पक्षी आणि मासे यांची यादी केली. सस्तन प्राण्यांची यादी 1831 च्या जुलैमध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेसमोर मांडली गेली. पक्ष्यांची पुढच्या वर्षी. पक्ष्यांच्या यादीत दोनशेहून अधिक जातींची नावे होती आणि त्यांतील कित्येक पाश्चात्त्य शास्त्राला तोवर अपरिचित होत्या. एक चंडोल आजही साईक्सच्या नावाने ओळखला जातो.

या याद्यांचा एक विशेष मराठी वाचकाला सुखावणारा आहे. साईक्सने स्थानिक लोकांकडून प्राण्यांची नावे विचारून घेतली आणि ती तशीच लिहिली. रानकुत्र्यापुढे त्याने ‘कोळसून’ हे मराठी नाव नोंदवले. माशांच्या बाबतीत तर तो आणखी पुढे गेला. नदीकाठच्या लोकांनी सांगितलेली नावे त्याने थेट लॅटिन नामावलीत बसवली. त्यामुळे शिंगाळा या माशाचे शास्त्रीय नाव आजही ‘सीनघाला’ असेच चालते. ज्या कोळ्यांनी ही नावे सांगितली त्यांची नावे मात्र कोणत्याही यादीत नाहीत. लेण्यातील श्रेणीप्रमाणे तेही निनावीच राहिले.

जात की पोटजात?

साईक्सच्या 1831 च्या यादीत एक मोठी, तांबूस-तपकिरी अंगाची, फिकट पोटाची आणि झुपकेदार शेपटीची खार आहे. तिला त्याने आपल्या गव्हर्नरच्या सन्मानार्थ एल्फिन्स्टनचे नाव दिले आणि ती स्वतंत्र जात म्हणून जाहीर केली. हीच आपली शेकरू. आंबेगाव आणि खेड तालुक्यांच्या घाटमाथ्यावर पसरलेले भीमाशंकर अभयारण्य 1985 साली प्रामुख्याने तिच्यासाठीच राखले गेले, आणि महाराष्ट्राचा राज्यप्राणी म्हणून तिला मान मिळाला.

परंतु शेकरूची शास्त्रीय कुंडली साईक्सला वाटली तितकी सरळ नव्हती. मोठ्या भारतीय खारीला 1777 सालीच एक नाव मिळालेले होते. भारताच्या निरनिराळ्या भागांतून नमुने येऊ लागले, तसा घोळ वाढला. दक्षिणेकडील रानांतील खारींच्या पाठीवर काळा रंग अधिक. मध्य भारतातील सातपुड्याच्या खारीचा रंग आणखी वेगळा. गुजरातच्या डांगातून पुढे जे नमुने मिळाले त्यांचा रंग तर फिकट, जवळजवळ पांढुरका होता. या सगळ्या वेगवेगळ्या जाती मानायच्या, की एकाच जातीचे प्रदेशपरत्वे झालेले वाण? कालांतराने अभ्यासकांचा कौल दुसऱ्या बाजूला गेला. साईक्सची जात आता पोटजात मानली जाते. आणि एकूण पोटजाती किती, याबद्दल आजही एकमत नाही.

वरवर पाहता हा नावांचा वाद आहे. पण उत्क्रांतीच्या सिद्धांताचे बीज नेमके याच वादात दडलेले होते. प्रत्येक जात आरंभापासून स्वतंत्र आणि अचल असेल, तर जात कुठे संपते आणि वाण कुठे सुरू होतो हे ओळखणे सोपे असायला हवे. प्रत्यक्षात जगातील निष्णात अभ्यासकही एकाच प्राण्याबद्दल परस्परविरोधी निर्णय देत होते. डार्विनने आपल्या ग्रंथाचे दुसरे प्रकरण अशाच संशयास्पद रूपांना वाहिले. त्याचे म्हणणे असे की अभ्यासकांचा हा गोंधळ त्यांच्या अज्ञानातून आलेला नाही. वाण म्हणजे घडू लागलेली जात, आणि घडणाऱ्या गोष्टीला रेघ मारून दोन भागांत तोडता येत नाही.

शेकरूच्या बाबतीत हे डोळ्यांनी पाहता येते. शेकरू झाडावरच राहते, झाडावरच घरटी बांधते आणि शक्यतो जमिनीवर उतरत नाही. एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर ती पाचसहा मीटरची झेप घेते. पण दोन रानांमध्ये उघडा माळ आला की तिचा रस्ता संपतो. तिच्या लेखी घाटमाथ्यावरचे प्रत्येक दाट रान हे एक बेटच आहे. डार्विनला गॅलापागोसच्या बेटांवर बेटागणिक थोडे निराळे पक्षी आणि कासवे दिसली. सह्याद्री आणि सातपुडा यांच्या रानांत तोच धडा खारींच्या रंगांनी लिहिलेला होता. फक्त तो वाचणारा अजून यायचा होता.

माल्थसची छाया पुण्यावर

साईक्स दख्खनमध्ये आकडे जमवत होता, त्याच सुमारास पुणे जिल्ह्यात आणखी एक हिशेब चालू होता. थॉमस रॉबर्ट माल्थस हा इंग्रज अर्थशास्त्रज्ञ कंपनीच्या मुलकी अधिकाऱ्यांना तयार करणाऱ्या हेलीबरीच्या महाविद्यालयात 1805 पासून 1834 साली मृत्यू येईपर्यंत शिकवत होता. लोकसंख्या पटीने वाढते, अन्न त्या वेगाने वाढू शकत नाही, म्हणून टंचाई आणि उपासमार वाढीला लगाम घालतात, हे त्याचे प्रसिद्ध प्रतिपादन. जमिनीच्या खंडाचा सिद्धांतही तो विद्यार्थ्यांना शिकवी.

हेलीबरीत शिकलेल्या रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याने तो सिद्धांत पुणे जिल्ह्यात उतरवायचा प्रयत्न केला. 1828 ते 1830 च्या सुमारास त्याने शेतांची मोजणी करून, लागवडीचा खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या 55 टक्के सारा ठरवला. कागदावर हिशेब चोख होता. प्रत्यक्षात मात्र जमिनीचा कस आणि खर्च यांचे अंदाज चुकले, आणि त्यातच धान्याचे भाव पडले. रयतेला तो भार पेलला नाही, कित्येकांनी जमिनी टाकून दिल्या, आणि काही वर्षांतच सरकारला इंदापूरपासून नव्याने पाहणी सुरू करावी लागली.

हा प्रसंग ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कारण ज्या माल्थसची छाया पुण्याच्या रयतेवर पडली, त्याच माल्थसचा निबंध 1838 च्या सप्टेंबरअखेरीस डार्विनच्या हाती आला, आणि वीस वर्षांनी आल्फ्रेड रसेल वॉलेस या दुसऱ्या निसर्गसंशोधकाला तापाच्या ग्लानीत त्याचीच आठवण झाली. एकाच विचाराने एका ठिकाणी शेतकऱ्यांची वाताहत केली आणि दुसऱ्या ठिकाणी निसर्गाचे एक मोठे कोडे सोडवले. सृष्टीचे वर्णन करणारा नियम माणसांवर राज्य करण्याचा नियम म्हणून वापरला की काय होते, हे पुणे जिल्ह्याने डार्विनच्या ग्रंथाआधीच पाहिले होते.

हिवऱ्याची बाग

जुन्नरचा दुसरा धागा वनस्पतींचा आहे. अलेक्झांडर गिब्सन हा स्कॉटिश डॉक्टर 1838 साली पुण्याजवळच्या दापुरी येथील सरकारी वनस्पती-उद्यानाचा अधीक्षक झाला. नारायणगावजवळ हिवरे येथेही त्याच्या देखरेखीखाली एक बाग होती. तेथे औषधी वनस्पतींची लागवड होई आणि कंपनीच्या दवाखान्यांना माल पुरवला जाई. 1847 साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. घाटावरील रान तुटले की झरे आटतात आणि खालच्या गावांचे पाणी जाते, असा इशारा तो सरकारला वारंवार देत असे.

गिब्सनने जमवलेले वनस्पतींचे नमुने इंग्लंडमधील क्यू येथील अभ्यासकांपर्यंत पोहोचले. तेथे भारतीय वनस्पतींचा महाकोश रचणारा जोसेफ हूकर हा डार्विनचा सर्वांत विश्वासू मित्र होता. जाती अचल नाहीत असे आपल्याला वाटू लागले आहे, हे डार्विनने 1844 च्या जानेवारीत, एखादा अपराध कबूल करावा तशा संकोचाने, हूकरलाच पत्राने कळवले होते. एखादी वनस्पती जगात कुठे सापडते, कुठे सापडत नाही आणि का, या प्रश्नावर दोघांमध्ये वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालला. हिवऱ्याच्या बागेतून एखादे विशिष्ट पान डार्विनच्या मेजावर गेले असे म्हणण्याचे कारण नाही. पण ज्या ज्ञानाच्या बळावर हूकर त्याला उत्तरे देई, ते ज्ञान अशाच दूरदूरच्या बागांतून आणि रानांतून साठलेले होते.

कबुतरांपासून सुरुवात

आता मूळ सिद्धांताकडे वळू. डार्विन 1831 च्या डिसेंबरअखेरीस ‘बीगल’ जहाजावरून निघाला, म्हणजे साईक्सची यादी लंडनमध्ये वाचली गेल्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी. पाच वर्षांनी तो परतला आणि त्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ पुरावे जमवत राहिला. 1855 पासून त्याने घरी कबुतरे पाळली आणि लंडनमधील कबुतरबाजांच्या मंडळांत जाऊन बसू लागला. मद्रासकडून वॉल्टर एलियट या अधिकाऱ्याने त्याला भारतीय कबुतरांचे नमुने पाठवले.

कबुतरांना धान्य टाकणे हा जैन कुटुंबांतील सकाळचा परिपाठ. त्या घोळक्यातील पक्षी नीट पाहिले, तर डार्विनचा युक्तिवाद समजायला वेळ लागत नाही. पंख्यासारखी शेपटी पसरणारा लक्का, जमिनीवर लोळण घेणारा लोटन, आकाशात कोलांट्या मारणारी गिरेबाज कबुतरे. एखाद्या अभ्यासकाने ती रानात पाहिली असती तर नक्कीच वेगवेगळ्या जाती मानल्या असत्या. तरी ती सगळी एकाच रानटी पूर्वजाची, कड्याकपारीत राहणाऱ्या पारव्याची संतती आहे, असे डार्विनने सिद्ध केले. शिवनेरीच्या कड्यांत घुमणारा पारवा हा त्याच जातीचा. युरोपातील पारव्याच्या कमरेवर पांढरा पट्टा असतो आणि भारतीय पारव्याची कंबर निळसर राखी असते, हा बारीक फरकही डार्विनच्या ग्रंथात आलेला आहे.

मग इतके प्रकार झाले कसे? कोणतीही दोन पिल्ले तंतोतंत सारखी नसतात. पाळणारा माणूस त्यांतून हवी ती निवडतो, त्यांची पैदास करतो, आणि शेकडो पिढ्यांनंतर शेपटीच्या जागी पंखा दिसू लागतो. अकबर बादशहाच्या दरबाराबरोबर वीस हजार कबुतरे असत, हा उल्लेखही डार्विनने केला आहे. जैन वाचकाला येथे सहजच आचार्य हीरविजयसूरींचे स्मरण होईल. त्यांच्या उपदेशाने ज्या अकबराने पर्युषणकाळात प्राणिवध थांबवण्याची फर्माने काढली, तोच अकबर कबुतरांच्या जोड्या जुळवण्यात रमणाराही होता.

रानात निवड करणारा माणूस नसतो. तेथे काय घडते, याचे उत्तर डार्विनला माल्थसने सुचवले. उंबराच्या एका झाडाला येणाऱ्या सगळ्या बियांची झाडे झाली तर डोंगर पुरणार नाही. प्रत्येक जीवाची संतती जगू शकेल त्याहून अधिक असते, म्हणून सगळी वाढत नाहीत. ज्यांच्या अंगचा एखादा लहानसा जन्मजात फरक त्या जागी, त्या ऋतूत उपयोगी ठरतो, ती जगण्याचा आणि संतती मागे ठेवण्याचा संभव थोडा अधिक. तो फरक संततीत उतरतो आणि पिढ्यान्‌पिढ्या साठत जातो. व्यापाऱ्याला चक्रवाढ व्याजाची ताकद समजावून सांगावी लागत नाही. निसर्गाने लहान फरकांवर लावलेले ते चक्रवाढ व्याजच होय. यालाच डार्विनने नैसर्गिक निवड म्हटले.

वॉलेस हा श्रीमंत घरातला नव्हता. पक्ष्यांचे आणि कीटकांचे नमुने विकून तो पोट भरी. 1855 साली त्याने जातींच्या उगमाविषयी एक लेख लिहिला, आणि त्याकडे लक्ष द्या असे डार्विनला त्याच वर्षी कळवणारा माणूस होता कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचा अभिरक्षक एडवर्ड ब्लिथ. 1858 च्या जूनमध्ये मलाया द्वीपसमूहातून वॉलेसचे टिपण डार्विनला मिळाले. त्यात तोच सिद्धांत होता. त्याच दिवसांत डार्विनचे तान्हे मूल वारले. अशा अवस्थेत त्याने निर्णय मित्रांवर सोपवला, आणि 1 जुलै 1858 रोजी हूकर व लायेल यांनी दोघांचे लेखन लिनियन सोसायटीपुढे एकत्र सादर केले. दोघांपैकी एकही तेथे हजर नव्हता. वॉलेसने पुढे आयुष्यभर कधी तक्रार केली नाही आणि डार्विननेही त्याचा वाटा नाकारला नाही. भागीदारीतील सचोटीचे हे उदाहरण पेढीवर बसणाऱ्यालाही मनात ठेवावेसे वाटेल. 24 नोव्हेंबर 1859 रोजी डार्विनचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या 1250.

ग्रंथातील दख्खन

1868 साली डार्विनने पाळीव प्राणी आणि वनस्पती यांच्यातील बदलांवर दोन खंडांचा ग्रंथ काढला. त्यात साईक्सचे नाव अनेक ठिकाणी येते, आणि साईक्सने दख्खनमध्ये केलेली 1831 ची यादी त्याच्या आधारांपैकी एक आहे. पश्चिम भारतातील ओझ्याची गाढवे किती खुजी असतात, हे डार्विनने साईक्सच्या हवाल्याने सांगितले. गावठी कुत्र्यांत वाकड्या पायांचे एखादे कुत्रे एकाएकी कसे निपजते, याचा दाखलाही त्याने तेथूनच घेतला. सह्याद्रीच्या रानात आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याविषयीही त्याने साईक्सची साक्ष काढली.

कुंभाराचे गाढव, वेशीवरचे कुत्रे, रानातील कोंबडा. साईक्सच्या समकालीनांना यात लिहिण्याजोगे काय, असे वाटले असेल. पण सिद्धांत उभा राहतो तो अशाच बारीकसारीक, खऱ्या नोंदींवर. जो व्यापारी रोजकीर्दीत लहान रकमाही चुकवत नाही, त्याचाच वार्षिक ताळेबंद जुळतो.

जैन दृष्टीने पाहताना

या सिद्धांताविषयी जैन समाजात दोन टोकाच्या प्रतिक्रिया ऐकू येतात. एक म्हणते, हे सगळे आमच्या शास्त्रांत आधीच सांगितलेले आहे. दुसरी म्हणते, हे धर्माच्या विरुद्ध आहे. दोन्हींत घाई आहे.

जैन तत्त्वज्ञानाने एकेंद्रियापासून पंचेंद्रियापर्यंत जीवांची मांडणी केली आणि वनस्पतीलाही जीव मानले, ही गोष्ट खरोखर थोर आहे. पण एक जीव कर्मानुसार नाना योनींत फिरतो, कधी वर जातो, कधी खाली येतो, हा आत्म्याच्या प्रवासाचा विचार आहे. डार्विन बोलतो तो शरीरांच्या वंशाविषयी. त्याच्या मांडणीत एक प्राणी बदलत नाही. पिढ्यान्‌पिढ्या एक समूह बदलतो. त्यात वर-खाली अशी शिडीही नाही. शेकरू खारीहून श्रेष्ठ नाही, ती तिच्या रानाला साजेशी आहे इतकेच. एका विचाराचा विषय मोक्षमार्ग आहे, दुसऱ्याचा शरीररचनेचा इतिहास. दोन वेगळ्या खात्यांची बेरीज करून ताळेबंद मांडायचा नसतो.

तरी दोन्ही वाटा एका ठिकाणी एकमेकींच्या अगदी जवळून जातात. सगळे सजीव एकाच वंशवृक्षाच्या फांद्या आहेत, असे डार्विनचा सिद्धांत सांगतो. जीवांनी एकमेकांना आधार द्यावा, हा तत्त्वार्थसूत्राचा उपदेश जैन प्रतीकचिन्हाखाली आपण पाहतो. एकाने नाते पुराव्याने दाखवले, दुसऱ्याने ते आचरणात आणायला सांगितले.

‘जो समर्थ तोच टिकतो’ हे वाक्य बाजारात फार ऐकू येते. दुबळ्या दुकानदाराला बुडवताना, नोकराचा पगार कापताना त्याचा आधार घेतला जातो. हा शब्दप्रयोग मूळचा हर्बर्ट स्पेन्सरचा, 1864 सालचा. डार्विनने तो नंतर स्वीकारला. त्यातील समर्थ म्हणजे बलदंड नव्हे. त्या परिस्थितीला जुळणारा, इतकाच त्याचा अर्थ. आणि निसर्गात असे घडते म्हणून माणसाने तसे वागावे, असा आदेश त्यातून निघत नाही. तसा आदेश काढणाऱ्या हिशेबाची किंमत पुणे जिल्ह्याच्या रयतेने एकदा मोजलेली आहे.

एक सल मात्र उरते. साईक्सच्या यादीतील नमुने मारून मिळवलेले होते. जीवांच्या नात्याचे हे शास्त्र बंदुकीच्या आवाजात वाढले, आणि जीवदया मानणाऱ्या वाचकाने ते विसरू नये. आज मात्र आपोआप छायाचित्र घेणारे कॅमेरे आहेत, आणि विष्ठेतून वा गळालेल्या केसांतून वंशाची ओळख पटवता येते. न मारताही पुष्कळसे ज्ञान मिळवता येते, हे शास्त्रानेच दाखवून दिले आहे.

फाटू नये असे पान

भीमाशंकरच्या रानात आजही जांभूळ, अंजनी, आंबा आणि हिरडा यांच्या फांद्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. आहुप्यासारख्या गावांनी देवराया राखल्या. 1970 च्या दशकात वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ या अभ्यासकांनी महाराष्ट्रातील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा कायद्याने न टिकलेले रान श्रद्धेने कसे टिकले, हे जगापुढे आले. याच रानांतला हिरडा महादेव कोळी कुटुंबे गोळा करतात आणि तो जुन्नर-घोडेगावच्या पेठांतून पुढे जातो. व्यापारी आणि शेकरू यांचा संबंध म्हणूनच वाटतो तितका दूरचा नाही. हिरड्याला योग्य भाव मिळाला, तर झाड उभे ठेवण्यात त्या कुटुंबांचा लाभ राहतो. आणि झाड उभे राहिले, तर शेकरूचा रस्ता उघडा राहतो.

डांगातील फिकट रंगाची शेकरू फार वर्षांत कोणाला दिसलेली नाही. ती नामशेष झाली असे मानले जाते. ती तशी पांढुरकी का झाली, हा प्रश्न विचारण्याआधीच उत्तर देणारी गेली. उत्क्रांतीच्या वहीतील एक पान फाटले, आणि ते पुन्हा लिहिता येणार नाही. कारण त्या पानामागे लाखो वर्षांच्या पिढ्यांची साठवण होती.

संवत्सरीला आपण सर्व जीवांची क्षमा मागतो. पुढच्या वेळी ते शब्द उच्चारताना भीमाशंकरच्या एखाद्या उंच फांदीवर बसलेली, शेपटी सोडून फळ कुरतडणारी शेकरू डोळ्यांपुढे यावी. 1831 साली तिची पहिली नोंद झाली. शेवटची नोंद कोणाच्या हातून होऊ नये, याची काळजी आता आपल्या पिढीच्या खात्यावर आहे.